भावोजींचा लेप

आमचे भावोजी खुर्चीत नीट पाठ टेकून बसलेले पाहिलेत, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या घाटकोपरात मिळायचा नाही. भावोजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, पलीकडच्याच गल्लीत राहतात. ते येतात, एकच चप्पल काढतात, खुर्चीच्या कडेला टेकतात आणि चहा अर्धा झाला की "बरं वहिनी, जरा जाऊन येतो" म्हणून उठतात. कुठे जाऊन येतो, ते त्यांनाही माहीत नसतं. आमच्या वन्सं म्हणतात, लग्नाच्या पाटावरून उठून ह्यांनी भटजींची आणि मांडववाल्याची ओळख करून दिली होती. मी तेव्हा पंगतीकडे होते, म्हणून खात्रीने सांगत नाही. पण ओळख करून द्यायचं व्यसन मात्र खरं. दोन माणसं शेजारी शेजारी उभी आहेत आणि एकमेकांना ओळखत नाहीत, हे त्यांना बघवतच नाही. माझ्या सासऱ्यांच्या बाराव्याला चेंबूरचे एक बर्फवाले आले होते आणि जोगेश्वरीचे एक थर्माकोलचे डबे करणारे. पान वाढलेलं, सगळे गंभीर, आणि भावोजी दोघांच्या मधे पाट सरकवून सांगतायत, "तुम्ही दोघं आजवर भेटला नाहीत? कमाल आहे!" सासऱ्यांच्या फोटोकडे बघून मीच मनातल्या मनात माफी मागितली.

त्यांची नोकरीही तशीच होती म्हणा. सरकारी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ काहीतरी शोधून काढतात. ते प्रयोगशाळेतून कारखान्यात पोचवायचं आणि मधल्या सरकारी परवानग्या मिळवायच्या, हे भावोजींचं काम. मी आपली सातवी शिकलेली, पुढचं सगळं वर्तमानपत्रं आणि माणसं वाचून. मला त्यांनी एकदा समजावलं, "वहिनी, सोपं आहे. मुलगी बघायची, मुलगा बघायचा, पत्रिका जुळवायची, लग्न लावून द्यायचं." मी म्हटलं, "आणि संसार?" तर एवढा बोलका माणूस चप्पल शोधायला लागला. कारण जन्मभर त्यांनी अशी कितीतरी लग्नं लावली होती. करार झाले, सह्या झाल्या, शाली पांघरल्या, फोटो निघाले. पण त्यातली एकही वस्तू दुकानाच्या फळीवर कधी दिसली नव्हती. निवृत्ती जवळ आली तसे ते जास्तच सैरभैर झाले. बाजारात चालता चालता फळ्यांकडे बघायचे. "एक तरी दिसू दे हो," म्हणायचे, "एकच."

ते एक म्हणजे आंब्यावरचा लेप. त्यांच्या संस्थेतल्या एका तरुण बाईंनी तो तयार केला होता. बाई मूळच्या लातूरकडच्या, बोलायला कमी, कामाला पक्क्या. दुधासारखा पातळ, बिनवासाचा लेप. आंबा त्यात बुडवायचा, वाळवायचा, की नेहमीपेक्षा बरेच दिवस टिकतो. त्या उन्हाळ्यात भावोजींनी नातेवाइकांच्या घरोघरी आंबे ठेवले. एक लेपाचा, एक बिनलेपाचा. आम्ही मूळचे मालवणकडचे आणि ऐन हंगामात घरातले आंबे नुसते बघायचे! भावोजी सकाळ-संध्याकाळ येऊन आंब्यांना हुंगून जायचे, तब्येत विचारायला आल्यासारखे. एकदा आमच्या ह्यांना राहवलं नाही. भावोजी आले तेव्हा हे बाठा चोखत बसले होते. "दादा," भावोजी ओरडले, "पुरावा खाल्लात!" हे शांतपणे म्हणाले, "पुरावा गोड आहे. लिहून घ्या."

तर हा लेप साकीनाक्याच्या एका शेठने करायला घेतला. सह्या झाल्या, शाली झाल्या. पुढच्या हंगामात कारखाना सुरू झाला आणि पहिल्याच पेट्यांमधले आंबे चिकट होऊन डागाळले. शेठचा फोन आला तेव्हा भावोजी माझ्याच स्वयंपाकघरात होते. शेठ इतका ओरडत होता की मलाही ऐकू आलं. "साहेब, हा लेप आहे की डिंक? कागदात लिहिलंय तसंच केलं, शब्द न शब्द. आता आणखी एक माल बिघडला ना, तर मशीन विकून टाकतो." बाईंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "माझ्याकडे रोज नीट होतंय सर. त्यांनी कागदाप्रमाणे केलंच नसणार." मग बाईंनी एकदा कारखान्यात जाऊन बघावं, तर खात्यातले साहेब म्हणाले, खासगी कारखान्यात जायचं तर अर्ज समितीपुढे ठेवावा लागेल. समिती कधी बसते? पावसाळ्यात. "पावसाळ्यात काय लेप फणसाला लावू?" भावोजी माझ्या ओट्यापासून दारापर्यंत नि दारापासून ओट्यापर्यंत फेऱ्या मारत होते. मी कणीक मळतेय आणि दर फेरीला माझ्या कोपराला धक्का.

तेवढ्यात शेजारीण वाटी घेऊन आली. "काकी, परत विरजण द्या ना. माझं दही लागतच नाही."

"अगं, परवाच दिलं की! दूध तेच, विरजण तेच, मग लागत का नाही? चल, बघते तुझ्याकडे येऊन." गेले. मागोमाग भावोजीही आले, ते एकटे थांबणार कुठले! बघते तर ही जरा वेळ झाला की झाकण उघडून पातेलं तिरकं करून बघत होती.

"अगं ए, हलवतेस काय सारखी त्याला?"

"मग हलवायचं नाही हे सांगायचं ना काकी!"

"हे काय सांगायचं असतं?"

मागे भावोजींच्या फेऱ्या थांबल्या होत्या. म्हणाले, "वहिनी, रविवारी तयार राहा. आपण शेठकडे जातोय, बाईंना घेऊन."

"मी कशाला?"

"तुम्ही असलात की ती सरकारी भेट राहत नाही. कौटुंबिक होते."

रविवारी रिक्षात मी, बाई आणि मधे अंग चोरून भावोजी. शेठने आधीच तोंड वाकडं केलं होतं. पण मी कोकमाची बाटली पुढे केल्यावर बिचारा "या मौसी" म्हणाला. कारखाना म्हणजे एक मोठा गाळा, पण काय लखलखीत! दारं-खिडक्या बंद, आंबे जाळ्यांवर मांडलेले, आणि आत नुसता उकाडा. बाई आत शिरल्या, मान वर केली आणि म्हणाल्या, "पंखे बंद का आहेत?"

"धूळ उडते ना मॅडम. खायची वस्तू आहे, स्वच्छता पाळतोय आम्ही."

"अहो, मग लेप वाळणार कसा?"

"तुमच्या कागदात पंखा कुठाय दाखवा मला!"

बाईंनी कागद घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला. "पंखा..." त्या हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे चालूच असतो." मग बाईच आधी हसल्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. शेठ म्हणाला, "वाट लावली ना मॅडम तुमच्या पंख्याने!" आणि स्वतःच खिडक्यांना जाळ्या ठोकायला माणूस बोलावायला धावला. त्यानंतर हंगामभर दर रविवारी आमची कौटुंबिक भेट ठरलेली. बाई नि शेठ आंब्यांवर डोकं लावून भांडायचे, मी आंबे खायचे आणि भावोजी दारात उभे राहून दोघांकडे बघायचे.

यंदा स्टेशनजवळच्या दुकानात फळीवर ती पेटी दिसली. वर शेठच्या कंपनीचं नाव मोठं, खाली संस्थेचं बारीक. भावोजींचं कुठेच नाही. ते कधी नसतंच. एक पेटी घेऊन ते आमच्याकडे आले. निवृत्त होऊन काही महिने झाले होते. दोन्ही चपला काढल्या. खुर्चीत पाठ टेकून बसले. चहा पूर्ण प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, आणखी आहे?"

जन्मभर "जरा बसा हो" म्हणून भावोजींच्या मागे लागले मी, आणि आता बसले तर बघवेना. "काय म्हणतायत बाई नि शेठ?" मी विचारलं.

"फोन नाही आला."

"येईल की."

"कशाला येईल? सगळं नीट चाललंय." पंख्याकडे बघत राहिले.

मी आत गेले, वाटीत विरजण काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. "भावोजी, तिसऱ्या मजल्यावर नवीन सून आलीय. तिचं दही लागत नाही म्हणे. जरा बघता का?"

ते वाटीकडे बघत राहिले. मग खुर्चीच्या कडेला सरकले. "दूध कुठलं घेते? पातेलं कशाचं?"

"मला काय माहीत! तुम्हीच जाऊन विचारा."

"तिची नि आपल्या शेजारणीची ओळख आहे का? नाही? कमाल आहे!" आणि एकाच पायात चप्पल अडकवून ते जिना चढायलाही लागले. त्या सुनेने कालच पाठवलेली दह्याची वाटी ओट्यावर होती, सुरीने कापावं असं दही. वरून भावोजींचा आवाज येत होता. मी दाराजवळची दुसरी चप्पल उचलून नीट सरळ ठेवली.