पालथी बादली

निशातगंजच्या त्या घरात चहाच्या आधी नळाचा आवाज सुरू होई. मालिनीबाई बादल्या भरत. मूळच्या लातूरच्या, टँकरमागे कळशी घेऊन धावण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. मुलाच्या नोकरीपायी लखनौला आल्या. इथं गच्चीवरच्या टाकीचं पाणी दिवसभर येतं, तरी रिकामी बादली दिसली की त्या ती लगेच नळाखाली सरकवत. सून देवयानी बादल्या ओतून टाकी, की सासू पुन्हा भरी.

देवयानीचा थोरला, सिद्धेश, गेला तो अशाच बादलीत. नुकता चालू लागला होता. पाणी अर्धंच होतं. डोक्याच्या भारानं आत गेला, आवाजसुद्धा झाला नाही. देवयानी पोळ्या लाटत होती. पण समाचाराला आलेल्या बायका कुजबुजल्या, "हल्लीच्या आया! हातात मोबाईल असणार." बादली कुणी भरून ठेवली, हे कुणी विचारलं नाही. नवऱ्यानंही नाही. "आई आधीच खचलीय," आदेश म्हणाला. बायकोचं काय झालंय, ते बघायला त्याला सवड नव्हती.

आता धाकटी मैत्रेयी धरून धरून उभी राहते.

परवा सकाळी पोर आजीपाशी खेळत होती, तेवढ्यात दार वाजलं. देवयानीनं उघडलं. खालच्या मधुमती भाभी, हातात बादली.

"भाभी, हमारी मोटर जल गई. थोड़ा पानी मिलेगा?"

मालिनीबाई लगबगीनं दारात आल्या. "बघ. मला नावं ठेवतेस ना? भरलेलं असं कामाला येतं."

"मैत्रेयी कुठंय, आई?"

"आत्ता तर इथंच होती."

देवयानी धावली. न्हाणीघराचं दार उघडं, टाचा उंचावून पोर बादलीवर ओणवलेली, बाही कोपरापर्यंत भिजलेली. देवयानीनं तिला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं बादली लवंडून पालथी घातली.

"अगं, पाणी!" मालिनीबाई मागून आल्या. "आणि पालथी काय घालतेस? सुतक असल्यासारखी."

"सुतक येऊन गेलं, आई."

"हळू बोल," आदेश पेपरातून म्हणाला. "दारात बाहेरचं माणूस आहे."

मधुमती भाभी हातातल्या रिकाम्या बादलीकडे बघत उभ्या होत्या. देवयानीचा आवाज चढला नाही.

"मला कुणाची माफी नको, आई. वापरून झाली की बादली पालथी घालत जा."