मोठ्या काकांचा कठडा

मोठ्या काकांना घरपट्टी कळते. हे त्यांच्यासमोर बोलू नये, कारण मग ती तुम्हालाही कळेपर्यंत ते सोडत नाहीत.

पोटापाण्यासाठी ते गाडी चालवायला शिकवतात. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक, आणि तो जरा उत्साहात आला की दाबला. इतकी वर्षं हेच केल्यामुळे त्यांच्या उजव्या पायाला आता गाडी आणि घर यांतला फरक कळत नाही. काकू म्हणाली, पडदे बदलूया का, की टेबलाखाली पाय खट्‌कन जमिनीवर. गल्लीत त्यांना ब्रेकमास्तर म्हणतात. तोंडावर नुसतं मास्तर.

घर स्वतःचं. खाली गाडी उभी करायची जागा, वर तीन खोल्या, वर जायला बाहेरून जिना. जिन्याला कठडा नाही. पुढच्या भिंतीला गिलावा नाही. गच्चीवर सळया अशा उभ्या, जणू गवंडी आणखी एक मजला चढवायला निघाला आणि वाटेत चहाला थांबला तो थांबलाच. दारात वाळूचा ढीग. तो कामाचा पुरावा. त्यात गवत उगवलं की काका नवी वाळू टाकतात, कारण गवत बघून काम चालू आहे असं कुणाला वाटेल? गल्लीतल्या मांजरांचा या धोरणाला एकमुखी पाठिंबा आहे.

त्यामागचा सिद्धान्त काकांच्याच आवाजात ऐकावा. हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले, हात गिअर बदलत: "मुद्दा समजून घे. घर पूर्ण, तर घरपट्टी पूर्ण. घर अर्धवट, तर घरपट्टी अर्धवट. मग घर पूर्ण करतो तो कोण? मूर्ख."

हे ते सिग्नलला थांबल्यावर शिकणाऱ्यांनाही सांगतात. काकांच्या हाताखालून गेलेल्यांना गाडी मागे घेता येत नाही, पण अर्धवट बांधकामाची सवलत तोंडपाठ असते.

शेजारच्या शिंप्याने मात्र घर पुरं केलं, रंगवलं, कठड्यावर वेलसुद्धा सोडला. तो घरपट्टी भरून आला की काका दरवर्षी कुंपणाशी जाऊन त्याचं सांत्वन करत. किती भरली, हे कधी विचारलं नाही. कशाला बिचाऱ्याच्या जखमेवर मीठ चोळा?

अडचण सुरू झाली ती काकूच्या आईवरून. आजी मुलाकडे राहायची, आणि मुलाची बदली लांब झाली. काकूला आईला आपल्याकडे आणायचं होतं. पण आजीचे गुडघे कुरकुरतात, आणि त्या जिन्यावरून धडधाकट माणूससुद्धा भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखा चढतो. काकूने एकच गोष्ट मागितली. गिलावा नको, रंग नको, फक्त कठडा. काका म्हणाले, कठडाच तर नेमका रस्त्यावरून दिसतो. कठडा म्हणजे पूर्णत्वाची कबुली. आजीला पाठुंगळी घेऊन चढायचीही तयारी त्यांनी दाखवली. काकूने त्यांच्या कंबरदुखीच्या पट्ट्याकडे नुसतं पाहिलं. मग शांतपणे सांगितलं की महिनाअखेरपर्यंत कठडा लागला नाही तर ती आईबरोबर भावाकडे जाईल, आणि काकांनी मांजरांबरोबर राहावं. तिने बॅग काढून पलंगावर ठेवलीसुद्धा.

त्यातच घरांची नव्याने आकारणी निघाली आणि तपासायला बाई येणार असं कळलं. काकांच्या अंगात संचारलं. पडदे उतरवले. वाळत घातलेले कपडे कपाटात कोंबले, ओलेच. जुन्या शर्टाला सिमेंट चोळलं. मी नेमका त्या दिवशी जेवायला गेलेलो, तर मला आणि काकूला खाली गाडीत बसवलं आणि खाली वाका म्हणून बजावलं. काकू वाकली नाही. मांडीवर बॅग घेऊन ताठ बसली.

तपासणीच्या बाई उन्हाने वैतागलेल्या होत्या. त्यांनी विचारायच्या आत काका म्हणाले, "काम चालू आहे. कोणी राहत नाही."

"बरं," बाई लिहीत म्हणाल्या, "म्हणजे मागच्यासारखंच. बंद घर, जास्तीचा दर."

काकांचा पाय वाळूत रुतला.

मग त्यांनी हसून बाईंना मुद्दा समजावायला घेतला. बाईंनी दोन वाक्यांत आवरलं. अर्धवट घराला सवलत होती, सुरुवातीची दोन वर्षं. पुढे लोक मुद्दाम अर्धवट ठेवायला लागले, म्हणून नियम उलटा केला, त्यालाही जमाना झाला. आता घर पूर्ण असेल आणि मालक स्वतः राहत असेल, तर सूट. शेजारचं घर मोठं असून तुमच्या निम्मं भरतं.

वेलाआडून शिंप्याचं डोकं वर आलं. "मला यातलं काही कळत नाही हं, मास्तर. घरपट्टी भरायच्या खिडकीवर विचारलं, इथेच राहता का. मी म्हटलं, हो. मग कुठे जाऊ?"

काका बघता बघता या घराचे रहिवासी झाले. आम्ही इथेच राहतो हो बाई, कायमचे. बाई म्हणाल्या, आत्ताच तर कोणी राहत नाही म्हणालात.

गाडीचं दार उघडलं. काकू बॅग घेऊन उतरली.

"मी राहते. लिहून घ्या. आणि हे पूर्ण व्हायला काय काय लागतं, तेही सांगा."

बाईंनी वर पाहिलं. गिलावा नसला तरी चालतं, सळयाही चालतात. पण कठड्याशिवाय राहतं घर म्हणून नोंद होणार नाही. या महिन्यात लावलात तर यंदापासूनच सूट.

काकू हसली नाही, हे तिचे उपकार. तिने बॅग काकांच्या हातात दिली. "वर ठेवून या. भिंतीला धरून जा."

महिना संपायच्या आत लोखंडी कठडा बसला. काका लोहाराजवळ उभे राहून त्याला सांगत होते, "मुद्दा समजून घे. घर अर्धवट ठेवतो तो कोण?" लोहार ठोकत होता, म्हणून वाचला.

आजी आली. कठडा धरून सावकाश चढली, मागून काका, एकेका पायरीवर उजवा पाय दाबत. मध्यावर दम खायला ती थांबली आणि कठड्यावरून हात फिरवत म्हणाली, "जावईबापू, इतकी वर्षं तुम्ही माणसं चढत होता कशाला धरून?"

काकांनी हनुवटी वर केली.

"ह्यांच्या सिद्धान्ताला," वरून काकू म्हणाली. "ये गं आई, चहा टाकलाय."