भट्टीपाशी बोनारियाची जागा

सार्डिनियाच्या डोंगरातल्या त्या गावात पापडासारखी पातळ रोटी बायका मिळून भाजतात आणि प्रत्येकीची जागा ठरलेली असते. बोनारियाची जागा भट्टीच्या तोंडाशी. फुगलेली रोटी बाहेर आली की निवायच्या आत कडेनं सुरी फिरवून तिचे दोन पदर सोडवायचे. आजवर तिच्या हातून पदर फाटला नव्हता आणि त्याचा बाईला चांगलाच तोरा होता.

यंदा उजवा हात बधिर होऊ लागला. शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतल्या तारांवर वेष्टण चढवणाऱ्या पेशी असतात. ताण आला की त्या काम खाली ठेवतात, नुसता जीव धरून बसतात. ताण उतरला तर काही परत कामाला लागतात. नाही उतरला तर मरतात. औषध घ्या, आणि भट्टीपासून लांब राहा. उष्णतेनं उघड्या तारा आणखी अडतात."

बोनारियानं सोयीचं तेवढं ऐकलं. जीव धरून बसल्यात, म्हणजे मेल्या नाहीत. औषध ती लपवून घेई, भट्टी मात्र सोडेना. सोडली की चार तोंडं विचारणार, आणि हे दुखणं घराण्यात उतरतं अशी सगळ्या गावाची समजूत. तिच्या मुलीचं, मारिएद्दाचं, लग्न ठरलेलं. शेजारच्या मिन्नियामावशीनं पाण्यात गव्हाचे दाणे टाकून पाहिले आणि म्हणाली, "नजर लागली गं तुला." बोनारियानं मुकाट मान डोलावली. नजर लागलेलीच बरी.

लग्नाच्या रोट्यांचा दिवस आला. "आजच्या दिवस उठा गं बायांनो," असं ती मनातल्या मनात त्या पेशींना विनवत बसली. भट्टी तापली तशी सुरी घसरली, पदर फाटला. मग दुसरा.

"नवरीची आई पेंगते का काय?" कुणीतरी हसली.

मग जळका वास आला. बोनारियाचा तळवा तापल्या दगडावर टेकला होता आणि तिला पत्ताच नव्हता.

मिन्नियामावशीनं तो हात उचलून घेतला. "नजर नव्हे ही," ती हळूच म्हणाली. "ऊठ बाई. पोरीला बसू दे."

बोनारियाला तिथंच मरून जावंसं वाटलं. मारिएद्दा आईच्या जागी बसली. सुरी तिनं डाव्या हातात घेतली.

"अगं, उजव्यात धर."

मारिएद्दानं मान वर केली नाही. "आठवडा झाला आई, त्या हाताच्या मुंग्याच जात नाहीत," ती कुजबुजली. "कुणाला सांगू नकोस."