देव पोचवणारे आबा

आबा रोडगा कानाने भाजत. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतून एकेक रोडगा बाहेर ओढायचा, राख झटकायची, बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारायची आणि तो कानाशी धरायचा. आवाज भरीव आला तर रोडगा पुन्हा विस्तवात, पोकळ आला तर टोपलीत. त्याच निखाऱ्यांवर मग ते आपल्या डहाक्याचे कातडे शेकत आणि त्यालाही तशीच टिचकी मारून कान लावत. डहाका म्हणजे मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद असे चामड्याचे वाद्य. मांडीवर आडवे घेऊन काडीने वाजवायचे. कणकेचा गोळा आणि देवाचे वाद्य एकाच विस्तवावर, एकाच परीक्षेने पारखणारा हा मनुष्य मी प्रथम पाहिला, तेव्हा हा पाक चालला आहे की पूजा, हे मला उमगेना. आजही पुरते उमगले आहे असे म्हणवत नाही.

ही भेट आमच्या साखरखेर्ड्याच्या बाजाररस्त्यावर झाली. आपल्या भागातली गाणी आणि आपल्या भागातले अन्न लोकांनी एका जागी अनुभवावे, म्हणून तीन वर्षांपूर्वीच्या पौषात गावाने एक दिवस रस्ता बंद ठेवून उत्सव मांडला होता. मी चाळीस वर्षे याच गावात संस्कृत शिकवले आणि घरोघरी पूजा सांगितल्या. घराबाहेर शिजलेले अन्न न घेण्याचा नेम मुंजीपासून पाळला. परिणाम असा की सत्तरी उलटलेला मी त्या रस्त्यावर परगावच्या पाहुण्यासारखा उभा होतो. एकीकडे खंजेरी, दुसरीकडे वासुदेवाच्या चिपळ्या, मध्येच कळण्याच्या भाकरीचा खरपूस वास. कोणत्या इंद्रियाकडे लक्ष द्यावे ते समजेना. ज्या मातीत जन्म काढला, तिचा स्वर आणि तिची चव मला अनोळखी कशी, हा प्रश्न कोणाला विचारावा हेही कळेना.

उत्सवाची व्यवस्था माझी जुनी विद्यार्थिनी कुंदा पाहत होती. ती आता इथल्याच शाळेत शिकवते. तिने मला मंचाजवळ खुर्ची दिली आणि हातात पितळी घंटा दिली. "गुरुजी, प्रत्येकाले दहाच मिनिटं. झाली का वाजवा. तुमच्यापुढं कोनी वाद घालनार नाई."

दुपारी बाराच्या सुमारास आबा मंचावर आले. ते बीबी गावाकडच्या एका खेड्यातले. त्यांचा मुलगा गजानन शेजारी बसून झील धरी, म्हणजे बापाने ओळ टाकली की पालुपद उचलून धरी. आबांची एक रीत होती. ते देवाला पत्त्यानिशी बोलावत. मी देवता ध्यानश्लोकांवरून ओळखणारा. आबांचा म्हसोबा 'बाभळीखालचा, पांदीच्या वाटेच्या डाव्या अंगाचा' होता. मारुती 'वेशीतला, शेंदूर उडालेला' होता. देवी 'लोणारच्या तळ्याकाठची, खाऱ्या पाण्याची' होती. एकेक नाव झाले की गजानन "या जी देवा, या जी" म्हणे. अकरावा देव आला आणि दहा मिनिटे संपली. मी घंटा वाजवली. आबांनी घंटेला हात जोडले आणि बारावा देव बोलावला. मी पुन्हा वाजवली. त्यांचा स्वर आणखी चढला. अखेर कोणीतरी माईक बंद केला, कुंदाने शाल आणि नारळ त्यांच्या हाती ठेवला, आणि पुढचे दंडार नाचणारे मंचावर चढले.

चारच्या पुढे हातपाय मोकळे करण्यासाठी मी मंचामागे गेलो. आबा आपल्या विस्तवापाशी बसले होते. टोपलीभर रोडगे लोक वांग्याच्या भाजीबरोबर खाऊन गेले होते. आबांपुढे एक तसाच पडून होता.

"आबा, जेवला नाहीत?"

"कसा जेवू, महाराज? बारा देव रस्त्यावर उभे हायेत."

मी नकळत रस्त्याकडे पाहिले.

"बोलावले आपुन. पोचवले कोनी?" ते शांतपणे म्हणाले. "डहाक्यावर देव बोलावले का त्यायले पोचवल्याबिगर घास घेता येत नाई. सकाळपासून पानी बी नाई घेतलं."

"मग आता पोचवा."

"झील कोन धरन? गजानन तवाच टेम्पोनं गेला. चारले लाईन येते, हरभऱ्याले पानी द्या लागते. एकट्याच्या गळ्यानं देव हालत नाई." मग माझ्या हातातल्या घंटेकडे पाहून ते हसले. "तुमी वाजवली तवा वाटलं, बामनानं देवाले घंटा देली, बरं झालं. मंग कळलं, ते आमाले होती."

मी मान खाली घातली. आवाहन केलेल्या देवतेचे विसर्जन न करता उठणे हा केवढा प्रमाद, हे मी जन्मभर यजमानांना सांगत आलो होतो. आणि आज तोच प्रमाद माझ्या हातून घडला होता, तोही घंटा वाजवून. पण ही पूजा माझ्या पूजेसारखी पूजा होती का, बाभळीखालच्या म्हसोबाला विसर्जन लागते का, याविषयीचे एकही वचन मला आठवेना. समोरचा मनुष्य उपाशी होता, एवढे मात्र निश्चित होते.

"मी धरली तर चालेल?"

त्यांनी मला खालीवर पाहिले. "तुमी? गळा हाय का बे..." आणि जीभ चावून पुढे म्हणाले, "महाराज?"

परतवणीची झील सोपी होती: "सुखी जा जी, मागुता या जी." मी ती स्पष्ट उच्चारांनिशी म्हटली. आबांनी काडी थांबवली. "मंत्रावानी नका म्हनू. पाव्हना एस्टीत बसवतो ना आपुन, तसं म्हना."

मी तसे म्हणू लागलो. आमचे विसर्जनही पुन्हा येण्याच्या प्रार्थनेनेच संपते. तो अर्थ मला पाठ होता. पण पाहुण्याची गाडी हलली की आपण चार पावले तिच्यामागे चालतो, तसा तो म्हणताना मी कोणत्याही देवामागे कधी चाललो नव्हतो. म्हसोबा गेला, मारुती गेला, देवी गेली. बारावा देव पोचला तेव्हा आबांनी तो रोडगा उचलला, टिचकी मारली, मोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला.

"परसाद घेतल्याबिगर झीलकऱ्याले उठता येत नाई."

साठ वर्षांचा नेम आणि अर्धा रोडगा यांच्यामध्ये मी किती वेळ घुटमळलो, ते सांगवत नाही. आबा हात तसाच पुढे धरून बसले होते. सकाळपासून उपाशी असूनही मी घेईपर्यंत त्यांनी स्वतःचा घास तोंडात घातला नाही. मी खाल्ला. कडेला राखेचा वास होता, आत गव्हाचा गोडवा होता. नेम मोडला की पाळला गेला, हे घरी पोहोचेपर्यंत ठरेना.

त्यानंतर त्यांनी मला महाराज म्हणणे सोडले. मी त्यांच्या गावी जाई तेव्हा "हे आमचे झीलकरी" अशी ओळख करून देत, आणि ऐकणारे हसत. एकदा मी विचारले, इतक्या देवांची नावे कोठे लिहून ठेवली आहेत? ते म्हणाले, "लेहून काऊन ठेवा लागते? जाता-येता भेटते ते." या उत्तरावर मी पुष्कळ दिवस विचार केला. मला जाता-येता कोण भेटत होते?

गेल्या चैत्रात एका सकाळी गजानन मोटारसायकलवरून दारात आला. "गुरुजी, चला. बाबा डहाका वाजवता वाजवताच पडले. देव बोलावून झाले अन् वाचा गेली. डॉक्टरनं घरी न्या म्हनलं. हातानं खुना करून राह्यले, झीलकऱ्याले आना."

आबा खाटेवर होते. मला पाहून त्यांनी डोळ्यांनीच डहाक्याकडे खुणावले. गजाननने डहाका मांडीवर घेऊन बापाची जागा घेतली, मी गजाननची. आबांचे बोट खाटेच्या लाकडावर ठेका देत होते. म्हसोबा बाभळीखाली गेला, मारुती वेशीत, देवी खाऱ्या पाण्याकाठी. शेवटी उरला देव्हाऱ्यातला घरचा देव. गजाननने त्याचे नाव घेतले, तेव्हा लाकडावरचे बोट थांबलेले होते. गजाननने ते पाहिले. त्याची काडी थांबली नाही. माझी एक झील बाकी होती. "सुखी जा जी, मागुता या जी," मी म्हटले. ते कोणाला म्हटले, हे मला माहीत नाही.

आबांच्या सुनेने नैवेद्याचा रोडगा आणून माझ्यापुढे ठेवला. "गुरुजी, परसाद," गजानन म्हणाला. मृत्यू घडलेल्या घरी अन्न घेऊ नये, हा नेम. प्रसादावाचून झीलकऱ्याने उठू नये, हाही नेमच. देव आधी पोचले की आबा आधी गेले, यावर सारे अवलंबून होते, आणि ते सांगू शकणारे माणूसच उरले नव्हते. मी रोडग्यावर टिचकी मारली आणि तो कानाशी धरला. आवाज पोकळ होता. मी तो मोडला, अर्धा गजाननपुढे धरला, आणि तो घेईपर्यंत हात तसाच धरून बसलो.