सव्वीस मापं बाजरी

तमाम मोटारधारकांना, विशेषतः ज्यांच्या डिकीत अद्याप जागा शिल्लक आहे त्यांना, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की सबवूफरच्या (म्हणजे जाड आवाजाच्या स्पीकरच्या) पेटीचे आकारमान ही हौसेची नव्हे, अभ्यासाची बाब आहे. सदर अभ्यास मी दोन पेट्या चुकवून पूर्ण केला आहे. कृपया नोंद घ्यावी.

माझ्या वयाच्या माणसाने गाडीत दणदणाट बसवावा, याचं गल्लीत बरंच कौतुक झालं. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. कारण होते माझे वडील. नगरच्या कोर्टात कारकुनी आणि संध्याकाळी तबल्याची साथ, असं त्यांनी आयुष्य काढलं. ऐंशी ओलांडल्यावर कान गेले. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेलेत, खालचे, जाड आवाज थोडे शिल्लक आहेत. यंत्र लावलं, तर बाबा म्हणाले, "यात नुसती भांडी वाजतात," आणि ते डबीत ठेवून दिलं.

त्यांच्या साथीची एकच कॅसेट घरात होती. कुठल्याशा देवळातल्या कार्यक्रमात कुणीतरी भरलेली. ती मी पेनड्राईव्हवर उतरवून घेतली. बाबा म्हणाले, "तबला गेला तर जाऊ दे. डग्गा तेवढा ऐकव एकदा. माझ्या डग्ग्याला लोक मान डोलवायचे." घरात मोठ्याने लावायची सोय नव्हती, भिंतीपलीकडे शेजारी. उरली गाडी. काचा वर केल्या की ती आपली खोली.

पहिली पेटी नगरच्या एका दुकानातून तयार आणली. दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, "सर, पेटी छोटी, आवाज मोठा." खोटं बोलला नाही. आवाज मोठाच होता, पण एकच. ना, धिं, गे, कुठलाही बोल वाजो, डिकीतून फक्त 'धुम' यायचं. मागच्या सीटवर बाबा दोन मिनिटं बसले आणि म्हणाले, "हे पिंप कोण ढकलतंय?"

मग मी स्पीकरसोबत आलेला कागद वाचला. कागद शेवटी वाचायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. त्यात लिहिलं होतं, बंद पेटी, आत पंचवीस लिटर हवा. दुकानातल्या पेटीत पंधराही नसावी. पेटी लहान असली की आतली हवा गच्च फुगवलेल्या चेंडूसारखी कडक होते. स्पीकरचा पडदा तिच्यावर आपटतो आणि एकाच सुरात ओरडतो.

म्हणून पारनेरचे मिस्त्री गाठले. देव्हारे आणि शाळेची बाकं करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आमची डिकी मात्र तिरपी. पेटीची पाठ सीटला टेकून कललेली, एक कोपरा चाकाच्या उंचवट्यासाठी कापलेला. तिच्यात हवा किती मावेल याचं गणित मी तीनदा केलं आणि तीन उत्तरं आली. मिस्त्री म्हणाले, "गनित कशाला? बाजरी वता की. जितं बाजरी थांबंल तितं झाकन मारू."

मला ही कल्पना थोर वाटली. पंचवीस लिटर हवेचे, एक लिटर स्पीकरचं बूड आत शिरणार त्याचं, म्हणजे सव्वीस. मिस्त्रीणबाई घरातून बाजरीचं पोतं आणि लिटरचं माप घेऊन आल्या. "लाभ," म्हणून त्यांनी पहिलं माप ओतलं. पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं. मग दोन, तीन, चार. मी खाली मान घालून कागदावर रेघा ओढत होतो. सव्विसाव्या मापाला मिस्त्रींनी पेन्सिलीची खूण केली, बाजरी काढली, लाकूड कापलं, झाकण ठोकलं.

बाबांना बसवलं. आता 'धुम' गेलं होतं, पण त्याच्या जागी काहीतरी ढिलं, लोंबतं आलं होतं. एक थाप संपायच्या आत दुसरी तिच्या अंगावर पडत होती. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "आता गादी झटकतायत." काच खाली करून म्हणाले, "घरी चल. आणि पुन्हा यासाठी मला बसवू नकोस. नाही ऐकू येत ते नाही येत."

मी गाणं बंद करून गाडी घराकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन एकटाच पारनेरला गेलो.

"पेटी बरूबर हाय," मिस्त्री म्हणाले. "तुमचा भोंगाच खराब असंल."

"पुन्हा मोजू."

स्पीकर काढला आणि त्याच्या भोकातून बाजरी ओतायला लागलो. माप पुन्हा मिस्त्रीणबाईंच्याच हाती. या वेळी मी रेघा ओढल्या नाहीत, मापाकडे बघत बसलो. प्रत्येक मापावर बाजरीचा डोंगर! दाणे घरंगळून खाली पडेपर्यंत त्या भरत होत्या.

"मावशी, वर एवढी शीग?"

"मंग? सपाट माप वान्याचं. आमच्या घरातून शिगंबिगर माप जात न्हाई."

"अगं, पेटीत चाललीया ती," मिस्त्री ओरडले, "कुनाच्या घरी न्हाई!"

"मंग काय पेटीला उपाशी ठिवायचं?"

मिस्त्रींनी पट्टी घेतली, बाजरी परत काढली आणि प्रत्येक माप पट्टीने सपाट करून मोजलं. तीस भरून वर अर्धं. म्हणजे पेटीत साडेचार लिटर निव्वळ पाहुणचार होता. पेटी मोठी झाली की आतली हवा मऊ पडते, पडद्याला कुणी आवरत नाही, तो झोके घेत सुटतो. मिस्त्रींनी नवी पेटी केली नाही. साडेचार लिटर भरतील एवढे लाकडाचे ठोकळे मोजून आत चिकटवले. मिस्त्रीणबाई हळहळल्या, "पोट बारीक केलं बिचारीचं."

आता बाबांना गाडीत बसवायचं कसं? सुदैवाने सरकार मदतीला आलं. हयातीचा दाखला द्यायला त्यांना बँकेत जावंच लागणार होतं. आपण जिवंत असल्याची सही करून ते मागे येऊन बसले. कॅन्टोन्मेंटच्या शांत रस्त्यावर मी गाडी कडेला घेतली, काचा वर केल्या आणि गाणं लावलं.

"पुन्हा तेच?" म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. पहिलं आवर्तन तसंच गेलं. दुसऱ्यात त्यांचा तळवा सीटवर सपाट टेकला. तिसऱ्यात मनगट घासत पुढे सरकलं, डग्ग्यावर सरकतं तसं, आणि ते डिकीतल्या आवाजाबरोबरच सरकलं. मी आरशातून बघत होतो. बाबा चेहरा घट्ट करून ऐकत होते.

"गाणं मागे घे," ते म्हणाले. घेतलं. "अजून मागे." घेतलं.

समेवर ते ताडकन सरळ बसले आणि माझ्या सीटवर थाप मारून ओरडले, "अरे, डग्गा सुरातून उतरलाय माझा! आणि इतकी वर्षं एकाही मेल्यानं सांगितलं नाही?"