चाल अडकायची तेव्हा

माधुरी,

"माझ्यावर काय लिहिणार, बाई? मी काय एवढं मोठं केलंय?" असं म्हणून तू मला खुर्चीत बसवलंस आणि गिऱ्हाइकाकडे निघून गेलीस. मोठं काम केलेल्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यातलं निम्मं खोटं असतं. तू मला सांगितलंस, मी ऐकलं, आता लिहिते. चुकलं असेल तिथे खुशाल खोड. फक्त महेंद्रबद्दलचं काही खोडायचं नाही, ते सगळं तुझ्याच तोंडचं आहे. आता थोडा वेळ तू गोष्टीतली बाई आहेस. तेव्हा मध्ये बोलू नकोस.

नव्व्याण्णव साली नागापूरच्या फाट्यावर माधुरीने नेट कॅफे काढला. एक गाळा, गिऱ्हाइकांना चार कॉम्प्युटर, गल्ल्यावर तिचा स्वतःचा पाचवा, आणि त्याच्या वर भिंतीला बुद्धाची तसबीर. तिशी ओलांडलेली बाई, एकटीने धंदा करते म्हटल्यावर लोक विचारायचेच, लग्न का नाही केलं? माधुरी त्यांना तासाचा दर सांगायची. प्रश्न तिथेच संपायचा.

वडिलांचं नाव कारभारी. ते एमआयडीसीत कामगार होते. कंपनीच्या भंगारातून त्यांनी नट-बोल्ट आणून मुलांना बुद्धिबळ करून दिलं होतं. खोक्याच्या झाकणावर पट रंगवलेला. वजीर म्हणजे टोपीचा मोठा बोल्ट, प्यादी म्हणजे नट. माधुरी आणि तिचा धाकटा भाऊ महेंद्र दुपारभर त्यावर भांडायचे. नियम एकच, कंपनीचा तीनचा भोंगा झाला की डाव बंद. भोंगा झाला की आई, कलाबाई, चहाचं आधण ठेवायची, आणि पाव तासात वडील सायकल टेकवायचे.

वडील गेले. महेंद्र इंजिनियर झाला आणि अमेरिकेला गेला. आईजवळ कोणीतरी राहायलाच हवं होतं, म्हणून माधुरी राहिली. ती हे तक्रार म्हणून कधी सांगायची नाही. पण सांगायची.

महेंद्र गेल्यापासून दोघांमध्ये उरलं होतं ते रविवारचं बुद्धिबळ. सकाळी कॅफे उघडायच्या आधी माधुरी एकटी येऊन गल्ल्यावरच्या मशीनवर बसायची. तिकडे महेंद्रची शनिवारची संध्याकाळ असायची. पडद्यावर पट उमटायचा आणि खाली इंग्रजी अक्षरांत मराठी यायची, "जय भीम आक्का. हरायला तयार?"

"तू नटाला वजीर समजायचास तेव्हापासून तयार आहे."

हा डाव घड्याळावरचा होता. प्रत्येकाला ठरलेला वेळ, तो संपला की हार. आणि माधुरीची चाल अडकायची. ती घोडा उचलून ठेवायची, तर घोडा हवेतच. तिचं घड्याळ मात्र पळत राहायचं. जिंकत आलेला डाव वेळ संपून हातचा जायचा.

पण अडकली चाल सुटेपर्यंत करायचं काय? दोघं लिहीत बसायचे. शब्दही उशिरानेच पोचायचे, चार ओळी एकदम धपकन यायच्या. पण शब्दांना घड्याळ नव्हतं. आईच्या गुडघ्यांचं काय? शेवग्याला शेंगा आल्या का? तुझ्याकडे थंडी किती? जेवतोस काय, की नुसता पाव? तेवढ्यात सातचा भोंगा व्हायचा. ती कंपनी रविवारीही चालायची. माधुरी लिहायची, "भोंगा झाला बघ."

एकदा त्यावर महेंद्रने लिहिलं, "आक्का, तो टेप करून पाठव ना. इकडे सगळे आवाज आहेत, तोच नाही."

"करते. पुढच्या रविवारी."

तिने कोरी कॅसेट आणली. घरचा टेपरेकॉर्डर गल्ल्याशेजारी आणून ठेवला. पुढच्या रविवारी महेंद्रने विचारलं, "भोंगा टेप केलास?" ती म्हणाली, "राहिला रे." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. विसरभोळी ती मुळीच नव्हती. कॅफेत कोण किती वाजता बसला हे तिच्या डोक्यात असायचं. पण कॅसेट पाठवली की तो विचारायचा थांबेल. काम बाकी असलं म्हणजे माणूस विचारतो.

मग एका रविवारी महेंद्र चिडला. "आक्का, असं नाही खेळता येत गं. अर्धा वेळ पडद्याकडे बघत बसतो. मशीन नीट कर, नाहीतर काही दिवस बंद ठेवू."

बंद. तो शब्द तिला आठवडाभर टोचत राहिला.

पहिला संशय टेलिफोनवर. लाइनमन रंगनाथ खांबावर चढला, उतरला, रिसीव्हर कानाला लावून खूप वेळ उभा राहिला.

"लाइन चोख हाय, म्याडम."

"मग चाल का अडकते?"

"आता त्ये म्या काय सांगू? भावाला म्हनावं, सावकाश खेळत जा. एवढी कशाची घाई हाय?"

"चहा घ्या आणि निघा," माधुरी म्हणाली.

रविवारी तिने गल्ल्यावरचं मशीन बंद ठेवून गिऱ्हाइकाच्या मशीनवर डाव लावून पाहिला. चाल सर्रकन गेली. लाइन तीच, खेळ तोच. म्हणजे दोष तिच्याच मशीनमध्ये. समोर एकच खेळ दिसत असला तरी मागे न दिसणारी दुसरी कामं चालू असतात, हे तिला क्लासात शिकवलं होतं. ती कुठली, हे बघायला तीन बटणं एकदम दाबायची. तिने भर डावात घाईघाईत दोनदा दाबली, आणि मशीनच बंद होऊन पुन्हा सुरू झालं. परत येते तर महेंद्रची ओळ आलेली, "हरायला लागलीस की पट उधळायची सवय गेली नाही वाटतं!"

मग तिने शहाण्या माणसासारखं एकेक काम बंद करून पाहिलं. व्हायरस तपासणारं बंद केलं. थोडा फरक पडला. महेंद्रच्या गावची वेळ दाखवणारं घड्याळ कोपऱ्यात ठेवलं होतं, ते बंद केलं. काही फरक नाही. तो आला की टिंग वाजवणारं बंद केलं. काही नाही. राहिलं ते टपाल, म्हणजे ईमेल, बघणारं. महेंद्रचं पत्र आलं का, हे मिनिटामिनिटाला विचारायला तिनेच ते बसवलं होतं. त्याने बर्फाचे मोठाले फोटो पाठवले होते. ते अर्धे उतरायचे, तुटायचे आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून ओढायला लागायचं. सगळी लाइन तेच अडवून बसलं होतं.

म्हणजे महेंद्रची वाट बघण्यासाठी मांडून ठेवलेल्या पसाऱ्यानेच महेंद्रची चाल अडवली होती. माधुरी स्वतःशीच हसली आणि टपालही बंद केलं.

त्या रविवारी डाव काय रंगला! चाल गेली की चाल आली. घोडा, उंट, हत्ती, शह. माधुरीने चक्क मात दिली. महेंद्रने लिहिलं, "वा आक्का! मशीन सुधारलं म्हणायचं. चल, जय भीम, पुढच्या रविवारी."

आणि गेला. सातचा भोंगा व्हायचा होता.

माधुरी रिकाम्या पटाकडे बघत बसली. आईच्या गुडघ्यांचं विचारलं नव्हतं. शेवग्याचं विचारलं नव्हतं. भोंगा टेप केलास का, हेही नाही. पुढच्या रविवारी तसंच, त्याच्या पुढच्या रविवारीही. चाल अडकत नव्हती, त्यामुळे लिहायला जागाच उरली नव्हती. तो वाईट नव्हता हो. त्याला खेळायचं होतं, तो खेळत होता.

महिनाभराने एका रविवारी ती लवकर आली. महेंद्रच्या गावचं घड्याळ उघडलं. टिंग वाजवणारं उघडलं. व्हायरस तपासणारं चालू केलं. शेवटी टपाल उघडलं आणि अडकलेले बर्फाचे फोटो पुन्हा ओढायला लावले. मग डाव मांडला आणि घोडा उचलला. घोडा हवेत थांबला. तिला बरं वाटलं.

पुष्कळ वेळाने ओळी आल्या. "आक्का, पुन्हा अडकतंय का?"

"अडकतंय रे. आईचे गुडघे जरा बरे आहेत."

"बरं. मग मी तोवर जेवून घेतो. चाल आली की बघतो."

ती थांबली. पडद्यावर फोटोचा वरचा पट्टा तेवढा उतरला होता, नुसतं पांढरं आभाळ. तिने लिहिलं, "महेंद्र, भोंगा टेप करायचा राहिलाय. आज करू का?"

उत्तर आलं तेव्हा डावातला तिचा वेळ संपला होता. "राहू दे गं. एवढं काही नाही त्यात. सवडीने कर."

बाहेर सातचा भोंगा सुरू झाला. टेपरेकॉर्डर हाताशी होता. कॅसेटचा कागदही फोडलेला नव्हता. भोंगा थांबेपर्यंत माधुरीचा हात माउसवरच होता.