माडग्याळ जवाई

अकोल्याच्या बाजारात उंचेपुरे माडग्याळ मेंढे विकणारा हा माणूस विकलेल्या प्रत्येक मेंढ्याला ‘जवाई’ म्हणतो. गिऱ्हाइकाच्या मेंढ्या पाहिल्याशिवाय तो मेंढा देत नाही. माझ्या दख्खनी मेंढ्या काटक, पण अंगाने लहान. मला वजनदार पिल्लं हवी होती. अखंड बडबडत त्याने एकेकीच्या कमरेवरून हात फिरवला आणि अजून न व्यालेल्या मेंढ्या स्वतःच वेगळ्या कोंडल्या.

“बाई, जवाई मोठ्या हाडाचा हाय. पिल्लूबी तसंच होईन. या पोरीईले झेपनार नाई.”

तरी मेंढ्याने कुंपण ओलांडलंच. त्यातली एक गाभण राहिली आणि परवा सकाळी अडली. मी फोन केला, तसा तो धावत आला. बाह्या सारून तिच्यामागे बसला आणि एकदम गप्प झाला. तेवढ्यानेच माझं धाबं दणाणलं.

अखेर पिल्लू सुटलं, बापाचंच बाकदार नाक घेऊन. मेंढी त्याला चाटू लागली. हात धुवायला जाताना तो मेंढ्यापाशी थांबला.

“काहून जवाईबापू, उडी माराले तुमाले हेच कुंपण भेटलं?”

बडबड परत सुरू झालेली ऐकून मी निवांत चहा टाकला.